रस्ता आडवा जातो तेव्हा

मांजर आडवे गेले की आजही आपल्याकडे अनेकांचा पाय ब्रेकवर जातो. कोणी मनातल्या मनात देवाचे नाव घेतो, कोणी दुसरी गाडी पुढे जाईपर्यंत थांबतो. पण मांजराच्या बाजूने हा प्रसंग कोणी पाहिला आहे का? ते आपल्या रोजच्या वाटेने निघालेले असते. आडवे आलेलो असतो ते आपण. वाट त्याची जुनी, रस्ता मागाहून आलेला.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. रस्ता म्हटला की आपण तो नेहमी लांबीत मोजतो. पणजीहून फोंडा किती मिनिटांत, पत्रादेवीपासून पोळेपर्यंत किती तास, पदर चार की सहा, खर्च किती कोटी. उद्घाटनाच्या फलकावरही हेच आकडे असतात. त्या रस्त्याला आडवे छेदून काय काय जात होते आणि आता ते कुठून जाणार, हा आकडा कुठल्याच फलकावर नसतो. डोंगरावरून शेतात येणारे पाणी, या रानातून त्या रानात जाणारा गवा, घरातून देवळात आणि देवळातून शेतात जाणारा माणूस, हे सगळे रस्त्याला आडवे चालणारे. रस्ता निसर्गाला पेलणारा आहे की नाही याची परीक्षा मला तरी एकाच प्रश्नात दिसते : त्याच्या आरपार काय जाऊ शकते?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न कळला होता याचा पुरावा पणजीतच आहे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जुना रस्ता पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटरचा हा बांधीव रस्ता दलदलीतून, खाजनातून आणि मिठागरांच्या कडेने जातो. त्यात ठिकठिकाणी चिऱ्यांच्या कमानी ठेवलेल्या आहेत. भरतीचे पाणी आत यावे, ओहोटीला बाहेर जावे, मिठागरे जगावीत आणि वरून वाहतूकही चालावी अशी ही रचना. पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्या राजवटीने या भूमीवर काय केले ते आपण जाणतो. परंतु जवळजवळ चारशे वर्षे झाली, मांडवीचे पाणी त्या कमानींतून ये-जा करते आहे आणि वरून गाड्या धावत आहेत. त्याच मांडवीवर विसाव्या शतकात सर्व आधुनिक ज्ञान वापरून बांधलेला पूल मात्र ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. या घटनेची तांत्रिक कारणे वेगळी होती हे खरे, तरीही नवे म्हणजे टिकाऊ हे समीकरण इथल्या पाण्याने कधीच मान्य केलेले नाही, एवढे तरी त्यातून कळते.

त्याही आधीपासून आपल्या गांवकारांनी खाजन शेती उभी केली होती. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. समुद्रसपाटीच्या बरोबरीने, काही ठिकाणी तिच्याही खाली असलेली ही जमीन. बाहेरून नदीचे खारे पाणी अडवायला बांध, आतले पाणी खेळवायला पोय, आणि दोघांच्या मध्ये मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. या व्यवस्थेचा सगळा जीव पाण्याच्या ये-जा करण्यात आहे. मृगाचा पाऊस पडला की डोंगरउतारावरून गोडे पाणी खाली येते, जमिनीतला खार धुऊन काढते, मानशीतून नदीत जाते आणि मगच तिथे कोरगुट रुजते. खाजन म्हणजे पाणी अडवण्याची कला असे अनेकांना वाटते. पाणी वेळेवर सोडण्याची कला त्याहून मोठी आहे.

आता अशा जमिनीवर डोंगर कापून आणलेल्या मातीचा दहा-पंधरा फूट उंच भराव घालून महामार्ग नेला की काय होते ते पाहू. भराव म्हणजे एक नवा बांध, पण मानस नसलेला. डोंगराकडच्या बाजूला पावसाचे पाणी तुंबते आणि पेरलेले कुजते. नदीकडच्या बाजूला खार धुवायला लागणारे गोडे पाणी पोचत नाही आणि जमीन खारावते. मधे सिमेंटचे दोन-चार पाइप टाकलेले असतात, पण ते बहुधा कंत्राटदाराच्या सोयीच्या जागी, पाण्याच्या वाटेवर नव्हे. दोन पावसाळ्यांत ते गाळाने भरतात. तिसऱ्या वर्षी शेतकरी शेत टाकतो. पाचव्या वर्षी ‘ही जमीन पडीकच आहे’ असे म्हणत कोणीतरी तिथे माती टाकायला येतो. शेती रस्त्याखाली गेली तेवढीच नोंद सरकारी कागदावर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मेलेल्या शेताची नोंद होत नाही आणि भरपाईही मिळत नाही.

कोकण रेल्वे आली तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात झालेला वाद अनेकांना आठवत असेल. रेल्वे हवी की नको असे त्या वादाला रूप दिले गेले. वास्तविक विरोध करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे म्हणणे होते की रेल्वे हवी, पण ती खाजनांवर भराव घालून किनाऱ्याच्या बाजूने नको, आतल्या भागातून न्या. आजही ‘विकासाला विरोध’ हा शिक्का मारला की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

भरावाचा प्रश्न शेतकऱ्यापुरता आहे असे समजणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. आपला राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, पनवेलहून निघून गोव्यातून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. त्याच महामार्गावर मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड येथे भातशेतीवर उंच भराव घालून नवा रस्ता बांधला होता. १९ मे २०२५ रोजी तो खचला आणि शेजारच्या सेवारस्त्यावर कोसळला. भातशेतीखालची मऊ, पाणी धरून ठेवणारी माती एवढे ओझे पेलू शकली नाही. शेवटी तिथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल बांधण्याचे ठरले. म्हणजे जे आधी महाग म्हणून टाळले तेच नंतर करावे लागले. गावातला कोणताही जुना शेतकरी हे फुकट सांगू शकला असता. चिखलात पाय रोवून ज्याने लावणी केली आहे त्याला त्या चिखलाची ताकद ठाऊक असते.

जे शेतात तेच डोंगरात. आपले डोंगर वरून कातळाचे दिसतात, पण जांभ्या दगडाच्या त्या थराखाली ठिकठिकाणी पांढरट, गुलाबी, साबणासारखी मऊ माती असते. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि त्या मऊ मातीच्या थरावर साचते. डोंगराचा उतार शाबूत असेल तर हे पाणी पायथ्याच्या झऱ्यातून बाहेर पडते. आपल्या कुळागरांना बारमाही पाणी मिळते ते याच मेहेरबानीने. आता रुंदीकरणासाठी हाच डोंगर भिंतीसारखा सरळ उभा कापला तर मऊ थर उघडा पडतो, पायथ्याचा आधार जातो आणि आत साचलेले पाणी मातीसकट बाहेर येते. दरड वरून कोसळताना दिसते, पण तिची सुरुवात आतून झालेली असते.

२०२४ च्या जुलैत पेडणे तालुक्यातील मालपे येथे महामार्गाच्या कडेचा डोंगर खाली आला. त्याच महिन्यात, १६ जुलै २०२४ रोजी, आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे याच महामार्गावर डोंगर कोसळला. रस्त्याच्या कडेला चहाचे दुकान चालवणारे कुटुंब गेले, थांबलेले ट्रक गेले, माती थेट गंगावळी नदीत गेली आणि नदीपलीकडच्या घरांनाही तडाखा बसला. एका ट्रकचालकाचा मृतदेह हाती लागायला सप्टेंबर उजाडावा लागला. ‘अतिवृष्टी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाऊस हे काही अचानक उद्भवलेले संकट नाही. तो दरवर्षी येतो आणि सांगून येतो.

रानाचा विषय काढला की मोले आठवणारच. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरस्थ बैठकीत भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना हिरवा कंदील दाखवला. महामार्गाचे चौपदरीकरण, रेल्वेचे दुपदरीकरण आणि वीजवाहिनी अशा तीन प्रकल्पांविरुद्ध गोव्यातली तरुण मुले रस्त्यावर उतरली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. महामार्गाच्या बाबतीत मला ‘होय’ किंवा ‘नाही’ यापेक्षा ‘कसा’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अनमोड घाटातून बेळगावला जाणारी वाट आपल्या नात्यागोत्यांची आणि भाजीपाल्याची वाट आहे. ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण गवा, सांबर, अस्वल, बिबटा यांचीही ती वाट आहे, आणि ती रस्त्याला आडवी जाते.

यावर उपाय नाही असे नाही. नागपूरजवळ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागातून जाणारा महामार्ग, पूर्वीचा ७ आणि आताचा ४४, रुंद करताना हाच पेच होता. प्रकरण न्यायालयात गेले, वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खाली जनावरांसाठी वाट मोकळी ठेवली गेली. २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी अठरा जातींच्या प्राण्यांच्या पाच हजारांहून अधिक नोंदी टिपल्या. चितळ गेले, रानडुकरे गेली, रानकुत्रे गेले आणि वाघसुद्धा गेले. वर ट्रक धावत होते, खाली वाघ चालत होता. आफ्रिकेत केनियानेही २०११ च्या सुमारास माउंट केनियाजवळच्या महामार्गाखालून हत्तींसाठी भुयारी वाट खुली केली आणि हत्तींनी ती वापरली. या देशांच्या तिजोऱ्या काही युरोपसारख्या भरलेल्या नाहीत. इच्छा होती, आणि रस्ता आखण्याआधी कोणी तरी विचारले होते की इथून कोण जातो.

माणसाची गोष्ट याहून वेगळी नाही. भोमच्या ग्रामस्थांनी महामार्ग गावातून नेऊ नका म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन केले. वर्तमानपत्रांत ती बातमी किती घरे जाणार, किती देवळे वाचणार अशा हिशेबात आली. समजा एकही घर गेले नाही, तरी गावाच्या पोटातून चौपदरी रस्ता गेला की एका वाड्याचे दोन वाडे होतात. पलीकडे राहणारी आजी संध्याकाळी देवळात दिवा लावायला यायची, ती येईनाशी होते. गुरे पलीकडच्या कुरणात जात नाहीत. मुलांना शाळेला गाडीतून सोडावे लागते. आपल्याकडे ओहोळ आडवा आला की त्यावर साकव घालायची रीत होती. माडाचे दोन सोट, त्यावर फळ्या, आणि गावकऱ्यांचे हात. ओहोळ वाहत राही आणि माणूसही जात राही. महामार्गाच्या आराखड्यात साकवाला जागाच नसते. तीन किलोमीटरवर जाऊन वळसा घ्या, असा फलक तेवढा असतो.

मार्च २०२५ मध्ये पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामासाठी श्री खाप्रेश्वराचा वड हलवला गेला तेव्हा हळहळणाऱ्यांत केवळ भाविक नव्हते. झाड दुसरीकडे नेता येते असे सांगण्यात आले. झाड एक वेळ नेता येईल. पण राखणदार हा जागेचा असतो, वाटसरूने थांबून नारळ ठेवावा अशी ती जागा असते. ती ट्रेलरवर चढवता येत नाही. ज्याला आपण श्रद्धा म्हणून बाजूला ठेवतो त्यात पूर्वजांचे शहाणपणही असते : डोंगराचा हा कोपरा, वाटेचे हे वळण, इथे कुऱ्हाड चालवू नये.

या सगळ्यावर एक सरळ आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. रस्ते हवेत की नकोत? सत्तरी, सांगे, काणकोणच्या आडगावातल्या बाळंतिणीला दवाखाना गाठायचा असतो. अरुंद रस्त्यांवर माणसे मरतात. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत गोव्यात रस्ते अपघातांत अडीचशेच्या वर बळी गेले आहेत. तेव्हा गव्याची वाट बघत बसायचे का? माझे उत्तर असे की मोरी, पूल, भुयारी वाट या गोष्टी रस्त्याच्या विरोधात नाहीत. त्या रस्त्याचाच भाग आहेत. जनावर आडवे येऊन होणारे अपघात त्यामुळेच टळतात. रस्ता ओलांडताना चिरडला जाणारा पादचारी त्यामुळेच वाचतो. आणि ज्या रस्त्याखालचे पाणी वाहते ठेवले त्यावर खड्डे कमी पडतात, कारण डांबराचा खरा शत्रू अडलेले पाणी. दरडीने बंद पडलेल्या चौपदरी रस्त्यापेक्षा बारमाही चालू असलेला दुपदरी रस्ता त्या बाळंतिणीच्या जास्त उपयोगाचा.

मग हे होत का नाही? एक कारण कायद्यातच आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार राष्ट्रीय महामार्गाचे तीस किलोमीटरहून लांब रुंदीकरण आणि वीस मीटरहून अधिक जादा जमीन असेल तर आधी पर्यावरणीय मंजुरी लागे. २०१३ मध्ये ही मर्यादा शंभर किलोमीटरवर नेली आणि जमिनीची मर्यादाही दुप्पट केली. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबीच जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर! म्हणजे आपल्या राज्यातला जवळजवळ कोणताही रुंदीकरण प्रकल्प तुकड्यातुकड्यांनी केला की या चाळणीतून सुटतो. उत्तराखंडात सुमारे नऊशे किलोमीटरचा चारधाम महामार्ग असाच त्रेपन्न तुकड्यांत विभागला गेला आणि संपूर्ण प्रकल्पाचा एकत्रित आघात काम सुरू करण्याआधी कोणी तपासलाच नाही. पाण्याला मात्र हे तुकडे कळत नाहीत. ते डोंगरापासून नदीपर्यंत एकच असते.

दुसरे कारण पैशाचे. डोंगर कापला की माती मिळते, तीच शेतात भरावाला टाकली की वाहतूक स्वस्त पडते. एकाच खर्चात डोंगरही जातो आणि शेतही. या गणितात नुकसान कुठेच दिसत नाही, कारण ते दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

पण हेच गणित उलटेही मांडता येते. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारी माती डोंगर न कापता जुनी तळी, नाले आणि धरणांतला गाळ उपसून घेतली. रस्त्याला भराव मिळाला आणि दुष्काळी भागाला पाणीसाठा. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून त्याची पुढे देशभर चर्चा झाली. इथिओपियाच्या तिग्राई प्रांतात आणि केनियाच्या माकुएनी भागात रस्त्यावरून वाहून जाणारे पाणी मोऱ्यांतून शेतात आणि तळ्यांत वळवतात. पूर्वी तोच रस्ता शेताची माती धुऊन नेत असे, आता तोच विहिरी भरतो. जागतिक बँकेने २०२१ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिकाच काढली. नेपाळमध्ये डोंगरी रस्त्यांच्या उतारांवर झाडे, गवत, बांबू यांची मुळे विणून माती धरण्याचे तंत्र कित्येक वर्षे वापरात आहे. यातले काहीही चंद्रावरून आणायचे नाही. आमच्या खाजनाच्या बांधावर काम केलेल्या माणसाला यातले तत्त्व पाच मिनिटांत समजेल.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या गावातून रस्ता जाणार असे कळले की ग्रामसभेत ‘हवा’ आणि ‘नको’ असे दोन तट पाडण्याआधी चार प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. या रस्त्याला किती मोऱ्या आहेत आणि त्यांच्या जागा भर पावसात गाव फिरून ठरवल्या की उन्हाळ्यात कार्यालयात बसून? भरावाची माती कुठून येणार आणि कापलेली कुठे जाणार? माणसे, गुरे आणि रानातली जनावरे कुठून ओलांडणार? आणि मोऱ्यांतला गाळ दरवर्षी मे महिन्यात कोण काढणार, कुठल्या पैशातून? यातल्या एकालाही विकासविरोधी म्हणता येणार नाही. उलट ज्या अभियंत्याकडे याची उत्तरे तयार असतील त्याच्या रस्त्याला हार घालायला मी स्वतः येईन.

गोव्यात आणखी रस्ते होणार आहेत, पूल होणार आहेत. ते थांबणारे नाहीत आणि सगळेच थांबवावेत असेही नाही. पण दर जूनमध्ये पाऊस येतो आणि आपण काढलेल्या प्रत्येक रेषेची तपासणी करून जातो. त्याला निविदा कळत नाही, पदर कळत नाहीत, मंत्री कळत नाही. त्याला एवढेच कळते की इथून माझी वाट होती. ती मोकळी असेल तर तो निमूटपणे खालून निघून जातो. नसेल तर ती करून घेतो, आणि तेव्हा रस्त्यासकट जे मधे येईल ते घेऊन जातो.